मिस्टरांचा तोटा, तुमचं खातं: कॅनडातल्या डिसेंबरबद्दल एका जोडप्याला उत्तर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी काही गफलत झाली असेल तर लगेच कळेल. तुम्ही दोघं ऑगस्ट २०२१मध्ये पुण्याहून टोरांटोजवळच्या मिसिसागाला आलात. भाड्याच्या घरात राहता, दोन-तीन वर्षांत स्वतःचं घर घ्यायचा विचार आहे. मुलगी २०२२ची, जन्म इथलाच, आणि तिच्या नावाने अजून आरईएसपी, म्हणजे शिक्षणासाठीचं बचत खातं, उघडलेलं नाही. मिस्टरांच्या साध्या, म्हणजे करपात्र खात्यात बीसीई या कॅनडियन टेलिकॉम कंपनीचे २०० शेअर आहेत आणि ते चांगलेच आपटलेत. त्याच खात्यात थोडे अमेरिकी शेअर फायद्यात आहेत. तुमच्या टीएफएसएमध्येही, म्हणजे करमुक्त बचत खात्यातही, बीसीई आहे. २०२२च्या रिटर्नमध्ये मिस्टरांनी ४,००० डॉलरचा भांडवली नफा दाखवला होता. तुम्हाला १५,००० डॉलर बोनस जाहीर झालाय. पुण्यातले जुने शेअर आणि म्युच्युअल फंड तसेच पडून आहेत. आणि ऑफिसातले सगळे म्हणतायत, तोट्यातलं ३१ डिसेंबर २०२५च्या आत विकून टाका. विकावं का?

विकावं. पण मित्र सांगतात त्या कारणासाठी नाही आणि त्या पद्धतीने तर अजिबात नाही.

मी गेली २२ वर्षं इथे लोकांचे रिटर्न भरतो आणि त्यांच्या गुंतवणुकी बघतो. डिसेंबरमध्ये माझ्याकडे येणारं नवराबायकोचं प्रत्येक जोडपं आपापल्या मोबाइलवर आपापलं ब्रोकरचं ॲप उघडून बसतं. मी दोन्ही फोन बाजूला ठेवायला लावतो आणि एक कोरा कागद देतो. त्यावर दोघांची सगळी खाती: साधं खातं, टीएफएसए, आरआरएसपी (निवृत्तीसाठीचं खातं, त्यात भरलेली रक्कम उत्पन्नातून वजा होते), कंपनीने उघडून दिलेलं ग्रुप आरआरएसपी, पुण्याचं डीमॅट. प्रत्येकात काय आहे, सरासरी कितीला पडलं, आज भाव काय, आणि शेवटचा रकाना: लाभांश रोख येतो की त्याचे आपोआप शेअर घेतले जातात. हा शेवटचा रकाना लोक कोरा ठेवतात.

त्याचं कारण कायद्यात आहे. तोट्यात शेअर विकला आणि विक्रीच्या ३० दिवस आधीपासून ३० दिवस नंतरपर्यंत तोच शेअर पुन्हा घेतला, आणि ती मुदत संपताना तो हातात असला, तर तोटा मान्य होत नाही. याला सुपरफिशियल लॉस म्हणतात. इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते हे, की घेणारा तुम्हीच असायला हवा असं नाही. नवरा विकतो आणि बायको घेते, तरी तेच. त्याचा आरआरएसपी घेतो, तिचं टीएफएसए घेतं, तरी तेच. साध्या खात्यात परत घेतलं असतं तर नाकारलेला तोटा निदान नव्या शेअरच्या किमतीत मिळवला जातो आणि पुढे कधीतरी वसूल होतो. आरआरएसपी किंवा टीएफएसएमध्ये घेतलं तर ती सोयही नाही, कारण तिथे खरेदीच्या किमतीला करासाठी अर्थच नसतो. तोटा कायमचा बुडतो.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. २००८च्या डिसेंबरमध्ये एका बँकेचे शेअर मी तोट्यात विकले, दहा दिवसांनी भाव आणखी उतरला म्हणून खुशीत येऊन माझ्याच आरआरएसपीत परत घेतले, आणि एप्रिलमध्ये स्वतःचंच रिटर्न भरताना लक्षात आलं की तोटा शून्य. दुसऱ्यांचे रिटर्न भरून देणारा माणूस! बायकोने ते अजून सोडलेलं नाही.

आता तुमच्याकडे बघू. बीसीईचा लाभांश दर तिमाहीला १५ तारखेला येतो: जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. तुमच्या टीएफएसएमध्ये आपोआप पुनर्गुंतवणूक चालू असेल आणि मिस्टरांनी ३० डिसेंबरला विकले, तर १५ जानेवारीला तुमच्या खात्यात जे एक-दोन शेअर गुपचूप जमा होतील ते त्या ३० दिवसांत बसतात. नुकसान फार नाही, जेवढे नवे शेअर आले तेवढ्यांपुरताच तोटा नाकारला जातो. तुमच्याकडे आधीपासून असलेले शेअर आड येत नाहीत, मुदतीतली नवी खरेदी तेवढी मोजतात. खरी भीती वेगळीच आहे. बोनस हातात आला, बीसीई स्वस्त दिसला, आणि तुम्ही टीएफएसएत २०० घेतले, तर मिस्टरांचा सगळाच्या सगळा तोटा गेला. दोघांनी एकमेकांना न सांगता, दोन वेगळ्या फोनवर. मी हे दरवर्षी निदान एका घरात बघतो.

आणखी एक पळवाट लोक सुचवतात: विकू नका, तोट्यातले शेअर तसेच टीएफएसएमध्ये वळते करा. ते केलंत तर कायद्याने ती विक्रीच धरली जाते, पण तोटा मिळत नाही. फायद्यातले शेअर वळते केले तर कर मात्र लागतो. विका, रोख टीएफएसएत टाका, आणि तिथे दुसरं काहीतरी घ्या. दुसरी टेलिकॉम कंपनी चालते. पण एकाच निर्देशांकावरचे दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे ईटीएफ (शेअरसारखे बाजारात घेता-विकता येणारे फंड) सीआरए, म्हणजे इथलं करखातं, एकसारखेच मानते. एस अँड पी ५००चा एक विकून दुसरा घेणं म्हणजे स्वतःला फसवणं.

आता आकडे. मिस्टरांनी १०० शेअर ६५ला आणि नंतर १०० शेअर ५५ला घेतले असं तुम्ही लिहिलंय. "फक्त ६५वाले विकू" हा बेत सोडून द्या. पुण्यात डीमॅटवर जो आधी घेतला तो आधी विकला असा हिशोब चालतो, इथे तसं नाही. इथे एकाच शेअरच्या सगळ्या खरेदीची सरासरी धरतात, तीही सगळी करपात्र खाती मिळून, दोन ब्रोकरकडे असली तरी. म्हणजे प्रत्येक शेअर ६०ला पडला. आजचा भाव सोयीसाठी ३३ धरला तर तोटा २७ गुणिले २००, म्हणजे ५,४०० डॉलर. ब्रोकर विक्रीच्या टी५००८ स्लिपवर जी किंमत छापतो तिच्यावर विसंबू नका. मध्ये कधी ब्रोकर बदलला असेल तर ती हमखास चुकलेली असते.

हा तोटा पगारातून वजा होत नाही, फक्त भांडवली नफ्यातून होतो. आधी याच वर्षाच्या नफ्यातून, मग उरला तर मागच्या तीन वर्षांत नेता येतो, तरीही उरला तर पुढे हवा तितका काळ. २०२५चा तोटा मागे २०२२पर्यंतच जातो. म्हणून तुमच्या बाबतीत ही तारीख खरोखर महत्त्वाची आहे: २०२२चे ते ४,००० डॉलर पुसायची ही शेवटची संधी. रिटर्नसोबत टी१ए फॉर्म भरायचा, जुना रिटर्न उघडावा लागत नाही. उरलेले १,४०० पुढे जातील.

पण मिळणार किती? भांडवली नफ्याचा निम्माच भाग करपात्र असतो. हा भाग मोठ्या नफ्यावर दोन-तृतीयांश होणार अशी २०२४च्या अर्थसंकल्पातली घोषणा होती, तिच्यावरून मला अजून फोन येतात. २१ मार्च २०२५ला ती रद्द झाली, निम्माच आहे. ४,०००चा निम्मा २,०००, त्यावर तीस टक्क्यांच्या आसपास कर धरला तर ६०० डॉलर परत. ब्रॅम्प्टनमध्ये एवढ्यात गाडीचा दोन-तीन महिन्यांचा विमा निघतो. वाईट नाही, पण ६०० डॉलरसाठी चांगली कंपनी कोणी विकू नये.

मग बीसीई का विकायला सांगतोय? मिस्टरांनी तो घेतला तो लाभांशासाठी. वर्षाला ३.९९ डॉलर मिळत होते, ६०च्या भावावर साडेसहा टक्क्यांहून जास्त. मे २०२५मध्ये कंपनीने तो १.७५वर आणला. ज्या कारणासाठी घेतला ते कारणच उरलं नाही. आता मिस्टर म्हणतायत, ६० झाला की विकू. तो ६०चा आकडा फक्त तुमच्या कागदावर आहे, बाजारात कोणाच्या हिशोबात नाही. आज हातात ६,६०० डॉलर रोख असते तर त्याचे २०० बीसीई घेतले असते का, असं त्यांना विचारा. ते मनापासून हो म्हणाले, तर विकून ३१ दिवसांनी परत घ्या, तुमचं त्यांचं भांडण नको. पण मला वाटतं, जरा थांबून ते नाहीच म्हणतील.

कधी विकायचा? मे २०२४पासून इथे व्यवहार लगेच पुढच्या कामकाजाच्या दिवशी पुरा होतो, आणि २०२५च्या हिशोबात यायला तो ३१ डिसेंबरपर्यंत पुरा व्हायला हवा. म्हणून शेवटचा दिवस मंगळवार ३० डिसेंबर. ३१ला विकलेला शेअर २०२६मध्ये जातो, आणि तुमचं २०२२ हातचं जातं. २४ला टोरांटोचा बाजार दुपारी एकला बंद होतो, २५ आणि २६ सुट्टी. २६ला न्यूयॉर्क चालू असतं, म्हणून ॲप उघडून बीसीईची ऑर्डर टाकणारे आणि ती का लागत नाही म्हणून मला मेसेज करणारे दरवर्षी भेटतात. एवढं ताणूच नका. मी म्हणेन ८ ते १० डिसेंबर. तेव्हा विकलेत की ३० दिवस १५ जानेवारीच्या आत संपतात आणि तुमच्या टीएफएसएचा लाभांश आड येत नाही. त्या बदल्यात या २०० शेअरवरचा जानेवारीचा लाभांश, ८७ डॉलर ५० सेंट, सोडावा लागेल, कारण त्यासाठी डिसेंबरच्या मध्यापर्यंत शेअर नावावर असावे लागतात. तेवढं सोडा.

अमेरिकी शेअरना डिसेंबरमध्ये हात लावू नका. विकले तर बीसीईचा तोटा आधी त्यात जिरेल, कारण चालू वर्षाचा नफा आधी, आणि २०२२पर्यंत काही पोचणारच नाही. विकायचेच असतील तर जानेवारीत विका. त्यावरचा कर मग ३० एप्रिल २०२७पर्यंत भरायचा. हिशोब करताना एक गोष्ट डोक्यात ठेवा. नफा कॅनडियन डॉलरमध्ये मोजायचा, खरेदीला खरेदीच्या दिवसाचा दर आणि विक्रीला विक्रीच्या दिवसाचा. २०२१मध्ये अमेरिकी डॉलर सव्वा डॉलरच्या आसपास होता. २००ला घेतलेला शेअर इथल्या २५०ला पडला. आज ३००ला, १.४०च्या दराने विकला तर ४२० आले. स्क्रीनवर नफा १०० दिसतो, सीआरएला १७० दिसतो.

आता बोनस. १५,०००मधले कर कापून हातात नऊ-दहा हजार येतील. इथे कुठली तारीख खरी आणि कुठली नुसती गडबड, हे कळलं की अर्धं काम झालं. आरआरएसपीला २ मार्च २०२६पर्यंत वेळ आहे, डिसेंबरमध्ये धावपळ नको. मात्र तुमच्या नोटिस ऑफ असेसमेंटवर, म्हणजे रिटर्ननंतर सीआरएकडून येणाऱ्या पत्रावर, आरआरएसपीची जागा शिल्लक असेल, तर बोनस थेट आरआरएसपीत वळवायला पेरोलला आत्ताच विचारा. मग त्या रकमेवर आधी कर कापला जात नाही. बोनस जमा झाल्यावर विचारून उपयोग नाही.

टीएफएसएबद्दल तुम्ही "आपली मर्यादा १,०२,००० ना?" असं लिहिलंय. नाही. तो आकडा २००९पासून इथे असलेल्या सज्ञान माणसाचा. तुमची जागा ज्या वर्षी रहिवासी झालात तिथपासून सुरू होते, ऑगस्टमध्ये आलात तरी त्या वर्षाची पूर्ण: ६,०००, ६,०००, ६,५००, ७,०००, ७,०००. प्रत्येकी ३२,५००, आणि १ जानेवारीला आणखी ७,०००. जास्त भरलं तर जादा रकमेवर दर महिन्याला १ टक्का दंड. तुम्ही आजवर किती भरलंय ते आज मोजा. ब्रोकर अडवत नाही, त्याला तुमचं दुसऱ्या बँकेतलं खातं दिसत नसतं.

मुलीचं आरईएसपी मात्र डिसेंबरचंच काम. वर्षाला २,५०० भरले की सरकार २० टक्के, म्हणजे ५०० घालतं. तुमची २०२२पासूनची चार वर्षं साचलीत, पण मागचं एका वेळी एकच वर्ष भरून काढता येतं. म्हणजे ३१ डिसेंबरच्या आत ५,००० भरले तर १,००० मिळतील. पुढच्या वर्षी पुन्हा तसंच. बोनसमधले पहिले ५,००० इथे टाका. कुठल्याही शेअरवर पहिल्या दिवशी खात्रीचे २० टक्के मी अजून पाहिलेले नाहीत. खातं उघडायला मुलीचा सिन नंबर, म्हणजे इथला सरकारी ओळख क्रमांक, लागतो, तो काढलेला नसेल तर उद्याच कामाला लागा.

राहिलं घरासाठीचं खातं, एफएचएसए. वर्षाला ८,०००, एकूण ४०,०००, भरताना आरआरएसपीसारखी वजावट आणि घर घेताना काढले तर करमुक्त. तुमच्यासारख्या जोडप्यासाठी याहून चांगलं खातं नाही. याची मुदत ३१ डिसेंबर, आरआरएसपीसारखे मार्चपर्यंतचे जादा दिवस नाहीत. जागा खातं उघडल्यावरच सुरू होते, म्हणून सगळे सांगतात की रिकामं का होईना, डिसेंबरमध्ये उघडून ठेवा. १ जानेवारीला १६,०००ची जागा होते. सल्ला बरोबर आहे. फक्त तुम्हाला तो लागू आहे का, हे पुण्यातल्या फ्लॅटवर ठरेल.

अट अशी आहे: चालू वर्षात किंवा आधीच्या चार कॅलेंडर वर्षांत तुम्ही स्वतःच्या किंवा जोडीदाराच्या मालकीच्या घरात राहिलेले नसावेत, आणि ते घर कॅनडाबाहेर असलं तरी मोजतात. २०२५ला उघडायचं तर मागची चार वर्षं म्हणजे २०२१ ते २०२४. तुम्ही ऑगस्ट २०२१पर्यंत कोथरूडच्या ज्या फ्लॅटमध्ये राहत होतात तो दोघांपैकी कोणाच्याही नावावर असेल, अगदी संयुक्त नावावर, तर यंदा खातं उघडता येत नाही. २ जानेवारीला उघडा, तेव्हा २०२१ मोजणीतून बाहेर पडलेलं असेल. फ्लॅट सासऱ्यांच्या नावावर असेल, तर याच आठवड्यात दोघांची दोन खाती उघडा. बँकेतला माणूस फॉर्मवर टिक करायला सांगेल आणि भारतातल्या घराबद्दल बहुधा विचारणार नाही. सही तुमची असते.

आता पुण्यातले शेअर. कॅनडाच्या लेखी तुम्ही ते ज्या दिवशी रहिवासी झालात त्या दिवशीच्या बाजारभावाने घेतलेत असं धरलं जातं. ४००ला घेतलेला शेअर त्या दिवशी १,४०० रुपये असेल, तर इथला नफा १,४००पासून मोजायचा, आणि रुपयाचे डॉलर त्या दिवसाच्या दराने. भारत मात्र स्वतःच्या नियमाने जुनी किंमत धरणार. म्हणून त्या दिवशीचे भाव आणि फंडांचे एनएव्ही आत्ताच उतरवून ठेवा. दहा वर्षांनी ते शोधणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणं. डीमॅट अजून रहिवासी म्हणूनच असेल तर आधी ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं खातं, करून घ्या, तिकडे विक्री त्यानंतर.

विकायचे असतील तर डिसेंबर हा सगळ्यात वाईट महिना. भारताचं आर्थिक वर्ष मार्चला संपतं. डिसेंबरमध्ये विकलंत तर इथलं रिटर्न ३० एप्रिलला, आणि तिथलं त्यानंतर जुलैमध्ये. तिथे भरलेल्या कराची वजावट इथे मागायची, पण अंतिम कागद हातात नाही. फेब्रुवारीत विका. भारतात ते चालू आर्थिक वर्षातच येतं, जुलै २०२६ला तिथलं रिटर्न होऊन जातं, आणि इथे २०२६चा व्यवहार म्हणून एप्रिल २०२७ला सगळे कागद हातात घेऊन दाखवता येतो. भारतातली दीर्घ मुदतीच्या नफ्यावरची सव्वा लाखाची सूट तुम्हा दोघांना वेगवेगळी आहे, तीही तेव्हा वापरून घ्या. इथली वजावट इथल्या करापुरतीच मिळते हे लक्षात असू द्या. तिथे नफा ४००पासून आणि इथे १,४००पासून मोजला जातो, त्यामुळे तिथला सगळा कर इथे वळता होईलच असं नाही.

याच कागदावर शेवटी एक बेरीज करा: पुण्याचे शेअर आणि फंड, एनआरओतल्या ठेवी, फ्लॅट भाड्याने दिला असेल तर तो, आणि मिस्टरांच्या साध्या खात्यातले अमेरिकी शेअर, सगळं खरेदीच्या किमतीने. पुण्याच्या मालमत्तेला किंमत तुम्ही इथे आलात त्या दिवसाचीच. प्रत्येकाची बेरीज वेगळी. वर्षात एकदाही १,००,००० डॉलरच्या वर गेली असेल तर परदेशी मालमत्तेचा टी११३५ फॉर्म भरायचा. विसरलात तर दिवसाला २५ डॉलर दंड, २,५००पर्यंत. कर काही नाही, नुसता माहितीचा फॉर्म, आणि माझ्याकडे आलेले सर्वांत जास्त दंड याच फॉर्मचे.

तर आज रात्री टीएफएसएतली आपोआप पुनर्गुंतवणूक बंद करा, आणि घरी फोन करून बाबांना कपाटातलं फ्लॅटच्या नोंदणीचं इंडेक्स टू काढायला सांगा. त्यावर नाव कोणाचं आहे ते कळवा, मग एफएचएसएची तारीख सांगतो.